पिवळ्या रामन लेसरमधून जास्त पॉवर कशी काढायची: मोठा पंप डायोड घेण्याआधी काय काय बघायचं

नाशिकच्या सातपूरला आमच्याकडे प्रोजेक्टसाठी कॉलेजची पोरं येतात, आणि अधूनमधून अंबड-सिन्नरच्या छोट्या युनिटवाल्यांचे पण फोन येतात, प्रश्न बहुतेक एकच असतो. "सर २० वॅट पंप टाकतोय आणि पिवळा जेमतेम अर्धा वॅट निघतोय, ३० वॅटचा डायोड घेतला तर होईल का?" नाही होणार. म्हणजे थोडं वाढेल, मग थर्मल लेन्स येईल म्हणजे क्रिस्टल तापून लेन्ससारखा वागेल, मग पॉवर उलट खाली जायला लागेल आणि डायोडचे पैसे गेले ते गेलेच. द्राक्षबागेत ड्रीपची लाईन चार ठिकाणी फुटलीय आणि आपण मोटर मोठी बसवतोय असला तो प्रकार आहे. रामन लेसरमध्ये पहिलं काम गळती शोधायचं, पंप, म्हणजे लेसरला एनर्जी देणारा डायोडचा लाईट, तो शेवटी. हे सगळं लिहितोय ते याच एका मुद्द्यासाठी.

ज्यांना बॅकग्राउंड नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. निओडिमियमवाल्या लेसरच्या जोरदार लाईन १०६४, १३१९-१३४२ आणि ९४६ नॅनोमीटरला आहेत, त्या डबल केल्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट आणि वेव्हलेंग्थ अर्धी केली, की हिरवा, लाल, निळा मिळतो पण पिवळा कुठेच पडत नाही. ५६० ते ५९० मध्ये धड पॉवर देणारा साधा डायोड पण नाही. पूर्वी डाय लेसर किंवा कॉपर व्हेपर लेसर वापरायचे, सांभाळायला दोन्ही कटकटीचे. आणि पिवळा हवा तर खूप ठिकाणी असतो, रक्तातलं ऑक्सिहिमोग्लोबिन ५७७ च्या आसपास जोरात शोषतं म्हणून डोळ्याचे आणि स्किनचे डॉक्टर मागतात, सोडियमची लाईन ५८९ ला आहे म्हणून दुर्बिणवाले मागतात. चिलीतल्या पारानालच्या मोठ्या दुर्बिणीवर २०१६ पासून २२ वॅटचे चार सोडियम लेसर आकाशात सोडतात, ते फायबर रामन वापरून बनवलेत, आपण इथे क्रिस्टलवाल्याचं बोलतोय.

क्रिस्टल रामनमध्ये साखळी अशी. ८०८ चा डायोड, त्यातून १०६४, रामन क्रिस्टलमध्ये त्यातली थोडी एनर्जी क्रिस्टलच्या कंपनाला जाते आणि ११७६ च्या आसपास स्टोक्स लाईट तयार होतो, आणि तो एलबीओ (लिथियम ट्रायबोरेट) सारख्या क्रिस्टलमध्ये डबल केला की ५८८, पिवळा. तिन्ही कामं बहुतेक वेळा एकाच कॅव्हिटीत, म्हणजे आरशांमधल्या लाईट फिरायच्या जागेत, होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२८ ला कोलकात्यात जे पाहिलं तो आपोआप होणारा विखुरणारा प्रकार होता, त्याचा लेसरसारखा जोरदार प्रकार १९६२ ला रुबी लेसरच्या कॅव्हिटीत नायट्रोबेंझीनचा सेल ठेवला असताना सापडला. तेव्हापासून तत्त्व तेच आहे, फरक फक्त क्रिस्टल आणि कोटिंगचा.

आधी हिशोब करा की हातात किती येऊ शकतं

८०८ चा एक फोटॉन टाकला की बेस्ट केसमध्ये ११७६ चा एक फोटॉन मिळतो, डबलिंगमध्ये एनर्जी वाया जात नाही, म्हणजे वरची मर्यादा ८०८ भागिले ११७६, साधारण ६९ टक्के. ही फक्त कागदावरची. खऱ्या लेसरमध्ये २००९ साली निओडिमियमवाल्या व्हॅनाडेटच्या कॉम्पोझिट क्रिस्टलमधून क्यू-स्विच करून, म्हणजे छोट्या जोरदार पल्समध्ये, ५.७ वॅट पिवळा काढलेला छापून आला, आणि त्याच्या दोन वर्षं आधी, २००७ ला, सिडनीच्या मॅक्वेरी युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने सीडब्ल्यूमध्ये म्हणजे सलग मोडमध्ये ७०० मिलिवॅटच्या आसपास काढला. आता लोक त्याच्या बरेच पुढे गेलेत, पण एक अंदाज यावा म्हणून सांगितलं. तुमचा २० वॅट पंपवर अर्धा वॅट म्हणजे अडीच टक्के. मधले बाकीचे टक्के कुठे जातात?

आता हा हिशोब नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. समजा कॅव्हिटीच्या आत १०६४ ची १०० वॅट फिरतेय, बीमची त्रिज्या रामन क्रिस्टलमध्ये १०० मायक्रॉन, क्रिस्टल केजीडब्ल्यू (पोटॅशियम गॅडोलिनियम टंगस्टेट), २ सेंटिमीटर लांब. केजीडब्ल्यूचा रामन गेन, म्हणजे स्टोक्स वाढवायची ताकद, १०६४ ला ४ सेंटिमीटर प्रति गिगावॅटच्या आसपास धरतात. जाताना आणि येताना दोन्हीकडचा १०६४ धरून एका पूर्ण फेरीत स्टोक्सला मिळणारा गेन निघतो साधारण १ टक्का. एक टक्का फक्त! म्हणजे स्टोक्सचा फेरीतला सगळा लॉस एक टक्क्याच्या खाली असेल तरच तो सुरू होणार.

आता लॉस मोजा. एनडी, म्हणजे निओडिमियमवाल्या, क्रिस्टलच्या दोन बाजू, केजीडब्ल्यूच्या दोन, एलबीओच्या दोन, एकूण सहा. प्रत्येक एआर (रिफ्लेक्शन कमी करणारं) कोटिंग चांगलं ०.१ टक्क्याचं धरलं आणि फेरीत प्रत्येक बाजू दोनदा पार होते तर १.२ टक्के झाले. अजून मिररचा लॉस धरलाच नाही, क्रिस्टलच्या आतला नाही, धूळ तर नाहीच नाही. म्हणजे सगळं "स्पेसिफिकेशनमध्ये" असूनही हा लेसर १०० वॅटला चालूच होणार नाही, १२० च्या वर न्यावं लागेल. त्यात कोटिंगवाल्याने १०६४ ला ०.१ दिलंय आणि ११७६ ला ०.५ आहे असं झालं, आणि हे फार कॉमन आहे कारण स्टॉकमधला माल सगळा १०६४-५३२ साठी असतो, तर मग कितीही पंप मारा. क्रिस्टल मागवताना म्हणून कोटेशनमध्ये लिहूनच घ्यायचं की १०६४ आणि ११७६ दोन्हीला एआर किती आणि कोटिंगचा मोजलेला ग्राफ सोबत द्या. "चालून जाईल सर" असं म्हणणारा सप्लायर असेल तर दुसरा शोधा. मिररना दोन्ही वेव्हलेंग्थला ९९.९ पेक्षा जास्त, जमलं तर ९९.९९ च्या जवळचं रिफ्लेक्शन.

बाजू कमी करा

लॉस कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे क्रिस्टलच्या बाजूच कमी करणं. एनडी व्हॅनाडेट स्वतःच रामन क्रिस्टल आहे, वायव्हीओ४ म्हणजे यट्रियमवाल्याची शिफ्ट (स्टोक्स किती खाली सरकतो ते) ८९० आणि जीडीव्हीओ४ म्हणजे गॅडोलिनियमवाल्याची ८८२ वेव्हनंबर (सेंटिमीटरमागे किती लहरी), त्यामुळे वेगळा केजीडब्ल्यू न लावता एकाच क्रिस्टलमध्ये लेसर आणि रामन दोन्ही होतं, याला सेल्फ-रामन म्हणतात. दोन बाजू गेल्या, लॉस १.२ वरून ०.८ वर आला. वायव्हीओ४ मध्ये पिवळा ५८८ ला येतो, जीडीव्हीओ४ मध्ये ५८६.५ ला. तोटा हा की सगळी उष्णता एकाच क्रिस्टलमध्ये साठते. स्टोक्स जितका तयार होतो त्याच्या दहा-साडेदहा टक्के उष्णता रामनमुळेच क्रिस्टलमध्ये जाते, ५ वॅट स्टोक्स म्हणजे अर्धा वॅट, आणि ती नेमकी बीमच्या मधोमध. पंपची उष्णता आधीच तिथे असते. कमी पॉवरला सेल्फ-रामन झकास, पॉवर वाढवत गेलात की कुंथायला लागतो.

दुसरा मार्ग थोडा हुशारीचा. केजीडब्ल्यू वेगळाच ठेवायचा पण त्याची एनडी क्रिस्टलकडची बाजू अशी कोट करून घ्यायची की १०६४ आरपार जाईल पण ११७६ तिथूनच परत फिरेल. मग स्टोक्स एनडी क्रिस्टलमध्ये जातच नाही, त्याची कॅव्हिटी छोटी आणि स्वच्छ राहते, केजीडब्ल्यूची दुसरी बाजू आणि एलबीओच्या दोन एवढंच त्याला पार करायचं. तीन बाजू, ०.६ टक्के. वर एनडी क्रिस्टलमधल्या थर्मल लेन्सचा स्टोक्सला त्रास कमी होतो तो बोनस. अलीकडे तैवानच्या ग्रुपने ही पद्धत वापरून फार चांगले आकडे काढलेत. माझं मत विचाराल तर नवीन सेटअप उभा करत असाल आणि कोटिंगला पैसे आहेत तर थेट हीच करा. अडचण एकच, केजीडब्ल्यूची ती बाजू आता मिरर झाली, त्यामुळे तिचं अलाइनमेंट वेगळं करावं लागतं आणि त्याला चांगला टिल्ट माउंट लागतो. तांब्याचा होल्डर अंबडमध्ये कोणीही चांगला सीएनसीवाला करून देईल, फक्त क्रिस्टल बसतो ते पृष्ठभाग खरंच सपाट आणि चौकोनात करायला सांगा आणि मध्ये ०.१ मिलिमीटरची इंडियमची फॉइल घाला. थर्मल पेस्ट लावू नका, तिची वाफ कोटिंगवर बसते.

केजीडब्ल्यूची एक मजा अशी की पोलरायझेशनप्रमाणे त्याची शिफ्ट बदलते. क्रिस्टलच्या एनएम नावाच्या अक्षाला समांतर असेल तर ९०१ वेव्हनंबर, पिवळा ५८८. एनजी अक्षाला समांतर केला म्हणजे क्रिस्टल ९० अंशात फिरवला की ७६८, पिवळा ५७९. डोळ्याच्या कामासाठी ५७९ बरा. पण कोणता अक्ष कुठल्या बाजूला आहे हे क्रिस्टलवर पेन्सिलने खूण केलेलं असतं आणि ती खूण पुसली गेली की दिवस जातो, त्यामुळे डबीवर आणि होल्डरवर दोन्हीकडे लिहा. एनडी व्हॅनाडेटचा १०६४ आपोआप पोलराइज्ड असतो, सी-अक्षाला समांतर, तो केजीडब्ल्यूच्या हव्या त्या अक्षाशी जुळवायचा. काही अंश चुकलं तरी गेन कमी होतो. याग (निओडिमियमवाला दुसरा क्रिस्टल) वापरणाऱ्यांना पोलरायझेशनसाठी आत ब्रूस्टर प्लेट (ठराविक कोनात तिरपी काच) घालावी लागते आणि यागमधल्या उष्णतेने पोलरायझेशन बिघडतं, म्हणून छोट्या सीडब्ल्यू लेसरला मी व्हॅनाडेटच सुचवतो.

पिवळा मागे जातोय का ते बघा

हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. सरळ लाईनच्या कॅव्हिटीत स्टोक्स एलबीओमधून दोन्ही दिशांनी जातो, म्हणजे पिवळा पण दोन्ही दिशांनी तयार होतो. पुढे जाणारा बाहेर पडतो, तो आपण मोजतो. मागे जाणारा सरळ एनडी क्रिस्टलमध्ये शिरतो, आणि निओडिमियम ५८० ते ६०० च्या पट्ट्यात जोरदार शोषतं. म्हणजे जवळपास अर्धा पिवळा आपणच तयार करून आपणच क्रिस्टल तापवायला वापरतोय! पंप मिररच्या मागे मोबाईलचा कॅमेरा धरा, डोळा नाही, एनडी क्रिस्टल आतून पिवळा उजळलेला दिसला की समजायचं.

उपाय तीन. एलबीओच्या एनडीकडच्या बाजूला ५८८ चं रिफ्लेक्शन कोटिंग करून घ्यायचं, १०६४ आणि ११७६ ला आरपार. नाहीतर मध्ये वेगळा डायक्रॉइक मिरर, म्हणजे पिवळा परत पाठवणारा आणि बाकीचे सोडणारा, टाकायचा, पण त्याने दोन बाजू वाढल्या म्हणजे वर केलेला सगळा हिशोब परत बिघडला, सीडब्ल्यूमध्ये हे मी टाळतो. तिसरा, आणि मला आवडणारा, कॅव्हिटी व्ही आकारात दुमडायची. एलबीओ शेवटच्या हातात, शेवटचा मिरर १०६४, ११७६ आणि ५८८ तिन्ही परत पाठवणारा, आणि कोपऱ्यातला मिरर ५८८ ला आरपार. दोन्ही दिशांचा पिवळा त्या कोपऱ्यातून एकाच बीममध्ये बाहेर येतो, जास्तीचा तुकडा लागत नाही. यात एक बारीक गोष्ट आहे, परत आलेला पिवळा आणि नवीन तयार होणारा पिवळा यांची फेज जुळायला पाहिजे, आणि हवेत ११७६ आणि ५८८ सारख्या वेगाने जात नाहीत, मिररवर पण दोघांची फेज वेगवेगळी बदलते. म्हणून शेवटचा मिरर एलबीओपासून एकेक सेंटिमीटर मागेपुढे सरकवून बघा, पॉवर चांगलीच वरखाली होते. मायक्रॉनमध्ये नाही, सेंटिमीटरमध्ये. जिथे जास्त मिळेल तिथे फिक्स करून टाका.

अलाइनमेंटचा क्रम

बहुतेक जण १०६४ ची पॉवर जास्तीत जास्त करून मग रामन शोधतात. उलटं करा. १०६४ फक्त चालू होण्यापुरता अलाइन करा, मग लक्ष ठेवायचं स्टोक्सच्या थ्रेशोल्डवर, म्हणजे किती पंपला ११७६ सुरू होतो. तो आकडा खाली आणायचा, बाकी काही बघायचं नाही.

यासाठी मिररमधून जो थोडासा लाईट बाहेर गळतो तो वापरायचा. मिररची १०६४ ची गळती ०.०१ टक्के माहीत आहे आणि मागे १० मिलिवॅट मोजली तर आत १०० वॅट फिरतेय, इतकं सोपं. पण मागे ८०८ पण येतो, ११७६ पण येतो, म्हणून फिल्टर लावून किंवा छोट्या प्रिझमने वेगळे करूनच मोजा, नाहीतर आकडे सगळे भंकस येतात. आता पंप हळूहळू वाढवा. आतली १०६४ वाढत जाते, वाढत जाते आणि एका जागी जवळजवळ थांबते. तिथे रामन सुरू झाला, पुढचा जास्तीचा पंप स्टोक्समध्ये जायला लागला. ती थांबायची जागा किती वॅटला आहे तोच तुमच्या स्टोक्सच्या लॉसचा थर्मामीटर. वरच्या हिशोबाने १०० वॅट म्हणजे एक टक्का, तुमच्याकडे २५० वॅटला थांबत असेल तर लॉस अडीच टक्के आहे आणि तो शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग एलबीओ घाला, पण तापमान मुद्दाम फेज मॅचिंगपासून (ज्या तापमानाला ११७६ आणि पिवळा क्रिस्टलमध्ये एका पावलाने चालतात त्यापासून) लांब ठेवून, म्हणजे पिवळा तयारच होणार नाही. घालण्याआधी आणि घातल्यावर ती थांबायची जागा किती सरकली ते बघा. जेवढी सरकली तेवढा एलबीओचा निव्वळ लॉस. जास्त वाटला तर थोडा तिरपा आहे, किंवा घाण आहे, किंवा कोटिंग गेलंय. आणि हे सगळं झाल्यावर तापमान फेज मॅचिंगला आणा.

इथे तीन गोष्टी एकाच वेळी बघायच्या. पिवळा वाढतो, स्टोक्सची गळती कमी होते आणि आतली १०६४ परत वर चढते कारण पिवळा काढून घेणं हा पण स्टोक्ससाठी लॉसच आहे. हे तिन्ही प्रमाणात झालं तर ठीक. पण १०६४ खूप वर गेली, स्टोक्स जवळजवळ मेला आणि पिवळा त्या मानाने वाढलाच नाही तर तुम्ही जास्तच काढताय. एलबीओ लांब आहे किंवा त्याच्यातला बीम फार बारीक आहे. १० मिलिमीटरच्या जागी ५ चा लावून बघा, किंवा एलबीओ बीमच्या कमरेपासून, म्हणजे सगळ्यात बारीक जागेपासून, थोडा बाजूला सरकवा. याच्या उलट स्टोक्स भरपूर आहे आणि पिवळा कमी, तर लांब एलबीओ किंवा बारीक बीम. आउटपुट मिरर निवडतो तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे मिररचं काम एलबीओ करतोय.

नाशिकचं हवामान आणि एलबीओ

११७६ च्या डबलिंगसाठी एलबीओ सरळ अक्षावर कापलेला, म्हणजे बीम बाजूला न सरकणारा, वापरला तर त्याचं फेज मॅचिंग चाळीस अंश सेल्सिअसच्या थोडं वर पडतं. १०६४ साठी हेच १४९ अंशाला असतं. चाळीस ऐकून छान वाटतं, पण मे महिन्यात दुपारी सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोलीच ३७-३८ असते, बंद डब्यात आणखी जास्त, आणि बाजारात मिळणारे एलबीओचे ओव्हन बहुतेक फक्त तापवणारे असतात, थंड करत नाहीत. सेट पॉइंट आणि खोली यात दोन-तीन अंशाचं अंतर राहिलं की कंट्रोलरच्या हातात काही उरत नाही, पिवळा थोडा शोषला जाऊन क्रिस्टल आतून तापला की तापमान सेटच्या वर जातं आणि ओव्हन नुसता बघत बसतो. पॉवर डुलत राहते आणि लोक अलाइनमेंटला शिव्या घालतात. दोन्हीकडे चालणारा, म्हणजे तापवणारा आणि थंडही करणारा, टीईसीवाला होल्डर घ्या, एवढंच. मग अर्ध्या-अर्ध्या अंशाने सरकवत पीक शोधा, आणि कमी पॉवरला सापडलेलं पीक फुल पॉवरला तिथेच राहत नाही, थोडं खाली सेट करावं लागतं, तेव्हा फुल पॉवरला परत शोधा.

पावसाळ्यात वेगळंच. चिलर १८ अंशाला लावायची सवय असते सगळ्यांना, पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दवबिंदूच २० च्या वर असतो, तांब्याच्या होल्डरवर आणि क्रिस्टलवर पाणी धरतं. चिलर २५ ला ठेवा. थोडी पॉवर कमी येईल पण कोटिंग वाचेल. एलबीओ ओलावा धरतो, म्हणून लेसर बंद असतानाही त्याचा होल्डर किंचित गरम ठेवतात, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी. बेरियम नायट्रेट वापरत असाल, त्याचा रामन गेन ११ म्हणजे केजीडब्ल्यूच्या जवळजवळ तिप्पट आहे म्हणून मोह होतो, तर लक्षात ठेवा ते पाण्यात विरघळतं, तोंडाने वाफ मारून पुसायची सवय असेल तर त्याच्यापासून लांब राहा. शिवाय त्याने पिवळा ५९९ ला जातो, म्हणजे नारिंगीच.

धुळीचं तर विचारूच नका, सिंहस्थाच्या कामांनी निम्मे रस्ते खणून ठेवलेत. उघड्या टेबलवर सीडब्ल्यू रामन चालवायचा नाही. ॲक्रिलिकचं झाकण, फटींना फोमची पट्टी. मिरर पुसताना लेन्स टिश्यू, त्यावर शुद्ध ॲसिटोनचा एक थेंब आणि एकाच दिशेने एकदाच ओढायचं, घासायचं नाही. पुसल्यावर थांबायची जागा खाली आली का बघा, नाही आली तर धूळ हे कारण नव्हतं, परत परत पुसत बसू नका.

उष्णता

वरचं सगळं झालं आणि तरीही पंप वाढवल्यावर पॉवर वाकायला लागते, तर आता उष्णतेकडे वळा. खात्री करायची सोपी युक्ती आहे. डायोड सलग न चालवता १-२ मिलिसेकंदाचे पल्स द्या, दहा टक्के ड्यूटी, म्हणजे एकूण वेळेच्या दहा टक्केच चालू. सरासरी उष्णता एक दशांश झाली. पल्सच्या आतली पॉवर सलगपेक्षा बरीच जास्त निघाली तर दोष उष्णतेचा आहे, सारखीच निघाली तर गळती अजून बाकी आहे, परत मागे जा.

उष्णता असेल तर ८०८ ऐवजी ८८० चा डायोड. ८०८ ला पंपातली २४ टक्के एनर्जी फक्त वेव्हलेंग्थच्या फरकात क्रिस्टलमध्ये जाते, ८८० ला १७ टक्के. म्हणजे तेवढ्याच लेसरसाठी उष्णता साधारण एक तृतीयांशाने कमी. ८८० ला शोषण कमी असतं म्हणून क्रिस्टल लांब लागतो, पण रामनला लांब क्रिस्टल हवाच असतो, २० मिलिमीटरचा सेल्फ-रामन क्रिस्टल दोघांना पुरतो. एनडीचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या आसपास ठेवा, १ टक्का घेतला तर सगळी उष्णता पहिल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्ये साठते. शिवाय पुढे बिन-एनडीचा तुकडा चिकटवलेला कॉम्पोझिट मिळतो, तोंड कमी फुगतं. ५.७ वॅटवाल्यांनी तोच वापरला होता.

८०८ वरच राहायचं असेल तर डायोडचं तापमान तरी बघा. डायोड अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकतो. दहा अंश चुकलं की तीन नॅनोमीटर, आणि व्हॅनाडेटची शोषणाची पट्टी एवढी रुंद नाही. डिसेंबरमध्ये सकाळी सेट केलेला लेसर एप्रिलमध्ये "खराब झाला" म्हणून येतो, त्यात निम्म्या वेळा हेच असतं. आणि लाईट जाते तेव्हा डायोडचा ड्रायव्हर यूपीएसवर आणि चिलर मेन्सवर असा उलटा कारभार करून ठेवू नका, पाण्याच्या फ्लो स्विचची वायर डायोडच्या इंटरलॉकमध्ये घाला.

अजून एक छुपी गोष्ट, १०६४ ची लाईन रुंद होणं. रामन सुरू झाला की १०६४ च्या मधल्या भागातून तो जास्त खातो आणि लाईन बाजूंना पसरते, पसरलेल्या भागाला गेन कमी मिळतो. ज्यांच्या क्रिस्टलची रामन लाईन अरुंद आहे, बेरियम टंगस्टेट वगैरे, त्यांना हे जास्त लागतं. चांगला स्पेक्ट्रोमीटर असेल तर गळतीचा १०६४ रामन चालू आणि बंद असा दोनदा बघा. पसरत असेल तर पातळ इटॅलॉन (लाईन अरुंद ठेवणारी समांतर बाजूंची काच), पण तोही एक तुकडाच आहे, त्याचा लॉस मोजूनच ठेवायचा की काढायचा ते ठरवा.

क्यू-स्विचवाल्यांसाठी थोडंसं

पल्समध्ये पीक पॉवर किलोवॅटमध्ये जाते, त्यामुळे एक टक्का-दीड टक्क्याचं एवढं रडगाणं नसतं आणि पिवळा पटकन मिळतो. सलगच पाहिजे असं गिऱ्हाईकाने सांगितलं नसेल तर पल्सनेच सुरुवात करा. तिथे दुखणी वेगळी, कोटिंग जळतं आणि दुसरा स्टोक्स येतो. म्हणजे ११७६ स्वतःच पंप बनून १३१६-१७ ला अजून एक पायरी खाली उतरतो आणि तेवढा पिवळा गेला. मिरर मागवतानाच १३१६ ला रिफ्लेक्शन कमी ठेवायला सांगा म्हणजे तो टिकत नाही. रिपिटिशन रेट (सेकंदाला किती पल्स) १० किलोहर्ट्झपासून वर नेत पिवळ्याची सरासरी पॉवर बघा, एका ठिकाणी कमाल येते.

गॉगल

शेवटी टाकतोय पण हे आधी करायचं. लॅबमध्ये जो नारिंगी काचेचा हिरव्या लेसरचा गॉगल सगळ्यांकडे असतो तो पिवळ्याला जवळजवळ पूर्ण आरपार आहे, ५८८ त्यातून मस्त दिसतो आणि डोळ्यात पण मस्त जातो. त्यावर ५८० ते ६०० आणि ८०० ते १२०० या दोन्ही पट्ट्यांचे ओडी (लाईट किती अडवतो ते सांगणारे) आकडे छापलेले नसतील तर तो गॉगल या लेसरसाठी नाही. पिवळा मोजताना पण पॉवर मीटरच्या आधी फिल्टर लावा, कारण उरलेला ८०८, गळलेला १०६४ आणि ११७६ सगळे त्याच दिशेने येतात आणि थर्मल मीटरला रंग कळत नाही. फिल्टरमधून ५८८ ला किती टक्के जातं ते आधी मोजून ठेवा आणि त्याने भागा. काही सेटअपमध्ये हे केल्यावर "दीड वॅट पिवळा" एका वॅटच्या खाली येतो, पण मग निदान पुढचा बदल केल्यावर खरंच वाढला की नाही ते तरी कळतं.